प्रमिलाताईंनी पंप बसवला

घरातली एखादी वस्तू बंद पडली की चांगल्या चांगल्यांचं तोंड उतरतं. प्रमिलाताईंचं उजळायचं. "बिघडलं?" हे त्या अशा काही उत्साहाने विचारायच्या की बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभी असलेली आत्याच आठवावी. मिक्सर असो, इस्त्री असो, शेजाऱ्याची मोपेड असो, बिघाडाचा वास त्यांना बरोबर लागायचा आणि तव्यावरची पोळी तशीच टाकून त्या धावायच्या. पोळी करपायची. त्यांच्या घरी करपलेली पोळी हा रोजचा पदार्थ होता आणि त्यांच्या मुलीला, पिंकीला, तीच आवडायला लागली होती.

आम्ही रायपूरला आलो तेव्हा छत्तीसगड राज्य नवं नवं झालं होतं. माझं माहेर वर्ध्याचं, यजमानांची नोकरी भोपाळची, आणि आता एकदम नव्या राजधानीत सचिवालय! सगळं शहर लग्नघरासारखं झालं होतं. पाट्या बदलत होत्या, रस्ते खणले जात होते, आणि घरं मिळत नव्हती. आम्हाला रेल्वे क्वार्टरांच्या समोर भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर एक सावळी, आडव्या बांध्याची बाई, पदर कमरेला खोचलेला आणि त्याच कमरेला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर.

"काहून हो वहिनी, पंखा रडून राहिला ना तुमचा! तुमाले ऐकू नाही येत काय?"

मी हो-नाही म्हणायच्या आत बाई टेबलावर चढल्या. पंखा जमिनीवर आला, त्याची आतडी वर्तमानपत्रावर पसरली, आणि हात चालू असतानाच तोंडही चालू झालं. नाव प्रमिला मेश्राम. मूळ भंडाऱ्याकडच्या. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता, आजाराने गेला. त्याच्या जागी यांना नोकरी मिळाली. तिथल्या साहेबाने विचारलं, ऑफिसात बसता का? "मी म्हनलं, साहेब, बसून राहायले मी काय पाहुणी हाव? पाना द्या." पाना मिळाला. आता त्या मालगाडीच्या डब्यांचे ब्रेक खोलून जोडायच्या आणि समोरच्याच रेल्वे कॉलनीत राहायच्या.

पंखा पुन्हा टांगला आणि तो गुपचूप फिरायला लागला. खाली वर्तमानपत्रावर एक स्क्रू उरला होता. मी तो दाखवला.

"तो कंपनीनं जास्तीचा देला," ताई म्हणाल्या आणि चहा मागितला.

पुढे तो पंखा कित्येक वर्षं त्या स्क्रूशिवाय फिरला, हे मला कबूल केलं पाहिजे.

यंत्रांशी त्यांचं नातं सोयरिकीचं होतं. गंजून बसलेल्या नटाला त्या जावई म्हणायच्या. "जावयावर जोर नाही करत, वहिनी. आधी तेल पाजा, मग दोन टिचक्या मारा, मग हात जोडा. मान भेटला का आपसूक हलते." नवा कोरा पार्ट म्हणजे सून. तिला रुळायला वेळ द्यायचा, पहिल्याच दिवशी तिच्यावर भार टाकायचा नाही. आणि भलत्या जागी भलताच आवाज आला की, "हे सासूबाईचं काम हाय!" असं म्हणून त्या आत हात घालायच्या. वर्कशॉपातले पुरुष सुरुवातीला हसायचे. पुढे पुढे तेही अडलेल्या नटाला जावई म्हणायला लागले.

ताईंचा एकच मोठा दोष होता. त्यांना गप्प राहून काम करता यायचं नाही. गोष्ट सांगितल्याशिवाय हात चालायचा नाही, आणि हात चालू असला की गोष्ट थांबायची नाही. पिंकी म्हणायची, "मम्मी का इंजन मुँह में है." पिंकी मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीतच द्यायची.

या सगळ्या बडबडीत एकच विषय असा होता की तो निघाला की ताईंचा हात थांबायचा. तो विषय म्हणजे त्यांचे वडील, नामदेवबाबा, आणि बाबांचा ट्रक.

बाबा जुने ड्रायव्हर. बस्तरातल्या केशकालच्या घाटातून जगदलपूरपर्यंत त्यांनी आयुष्यभर माल वाहिला होता. हिरव्या केबिनचा तो ट्रक त्यांनी पै पै करून स्वतःचा केला. मग काचबिंदूने डोळे गेले आणि स्टिअरिंग धाकट्या मुलाकडे, धनराजकडे आलं. बाबा रायपूरच्याच जुन्या वस्तीत धनराजच्या दारात बाजेवर बसून असत आणि मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या कानांनी बघत. "हा लोड हाय. हा रिकामा. ह्याचा सायलेन्सर फुटला, मालक कंजूस दिसते." चुकत नसत. पण बाईमाणसाने बोनेटात डोकं घालू नये, ही बाबांची पक्की समजूत. मुलगी रेल्वेत फिटर झाली, सगळ्या कॉलनीला ठाऊक झाली, तरी बाबांचं म्हणणं तेच होतं, "रेल्वेचे डबे ठोक खुशाल. माह्या गाडीले हात नको लावू."

ताई हे हसत सांगायच्या, पण ते हसू काही खरं नसायचं.

आम्हाला रायपुरात काही वर्षं झाली होती. त्या वर्षी धनराजचा ट्रक नव्या राजधानीच्या कामावर मुरूम टाकायला जात होता. शहराबाहेर माळावर रुंद रस्ते आखले जात होते आणि रात्रंदिवस गाड्यांची रीघ लागलेली असे. अशात ट्रक दगा द्यायला लागला. सपाटीवर बरा चालायचा, पण जरा चढ आला की धापा टाकायचा, धूर ओकायचा आणि बंद पडायचा. धनराजने डिझेलचा फिल्टर बदलला, पाईप साफ केले, पण फरक पडला नाही. ठेकेदाराने नवी गाडी आण म्हणून सांगितलं. धनराजने बाबांना विचारलं. बाबांनी ट्रक दारात आणून चालू करायला लावला, कान देऊन ऐकला आणि निकाल दिला, "मेली गाडी. इक."

धनराजने कबाड्याशी, म्हणजे भंगारवाल्याशी, बोलणं केलं. एप्रिलातली भीमजयंती झाली की दुसऱ्या दिवशी कबाडी येऊन ट्रक तोडणार आणि लोखंडाच्या भावाने घेऊन जाणार.

हे कळलं त्या दिवशी मी ताईंबरोबर तिकडे गेले होते, काही कारण नसताना. ताई अंगणात शिरल्या त्या वादळासारख्या.

"बाबा, गाडी नाही मेली. पंप मेला!"

"तुले कोण सांगितलं?"

"गाडीनंच सांगितलं. डिझेल पुरत नाही तिले. पंप घासला हाय. पंप बदलला का गाडी उठते."

"मले शिकवतं?" बाबांनी काठी आपटली. "ह्या कानानं घाट उतरवले मी."

"मंग त्याच कानानं ऐका!" ताई अशा काही ओरडल्या की धनराजची बायको भांडी घासायची थांबली. "जयंतीले आमच्या महिला मंडळाची झांकी ह्याच गाडीवर निघन. मिरवणूक तुमच्या दारावरूनच जाते. तुमी आवाज ऐका. तुमी मेली म्हनलं, तं मी माह्या हातानं कबाड्याले चावी देईन. पुन्हा कधी गाडीचं नाव नाही काढनार."

बाबांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. धनराजने माझ्याकडे बघून खांदे उडवले. परत येताना रिक्षात ताई कमरेचा पेचकस काढून नुसता हातात फिरवत राहिल्या. काय पणाला लावून आलो, हे त्यांना तिथे कळलं असावं.

नवा पंप परवडणारा नव्हता आणि त्या जुन्या गाडीला तो सहजी मिळणारही नव्हता. ताईंनी हायवेवरची, टाटीबंधकडची सगळी गॅरेजं पालथी घातली आणि अपघातात चेपलेल्या एका ट्रकचा बरा पंप शोधून काढला. तो एका सरदारजींकडे दुरुस्तीला आणि टेस्टला दिला. मीही सोबत होते. सरदारजी म्हणाले, "दीदी, पुरानी गाड़ी में इतना मन मत लगाओ."

ताई म्हणाल्या, "भैया, नई को तो गारंटी मिलती है. मन तो पुरानी को ही लगता है ना?"

सरदारजी खदखदून हसले, पण रांग मोठी होती. पंप हातात पडला तो जयंतीच्या आदल्या संध्याकाळी. जुन्या साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ताई तो रिक्षातून घरी घेऊन आल्या. पलीकडच्या बाईंनी दुरून बघून "कोणाचं हो?" असं विचारलंसुद्धा.

जयंतीचा दिवस उजाडला. कॉलनीभर निळे झेंडे, दारोदार रांगोळ्या, आणि सकाळपासूनच पांढऱ्या साड्यांची लगबग. मैदानातल्या कडुलिंबाखाली हिरवा ट्रक उभा होता, बोनेट उघडं, आणि त्यात कमरेपर्यंत प्रमिलाताई. त्यांनीही पांढरी साडीच नेसली होती. दुसरी नेसायला वेळ मिळणार नाही, म्हणे.

हा पंप म्हणजे इंजिनातला कारभारी. टाकीतलं डिझेल थोडं थोडं मोजून नेमक्या क्षणी इंजिनात ढकलायचं, हे त्याचं काम. हा क्षण म्हणजे टायमिंग. तो चुकला की सगळा कारभार बोंबलला. म्हणून तो बसवताना आधी इंजिन हाताने फिरवतात. त्याच्या चाकावर एक खूण असते. ती काट्यासमोर आली की थांबायचं आणि पंप जोडायचा. मेख अशी की ही खूण दोनदा समोर येते, एकदा बरोबरच्या फेऱ्याला आणि एकदा चुकीच्या. कोणता फेरा आहे हे झाकण उघडून बघावं लागतं. हे सगळं ताईंनीच मला त्या सकाळी समजावून सांगितलं, हातवारे करून, जणू मी दुसऱ्या दिवसापासून गॅरेज टाकणार होते.

जुना पंप निघाला. दोन जावई भेटले, त्यांनाही मान देऊन झाला. धनराज खालून इंजिन फिरवायला लागला आणि ताईंनी गोष्ट सुरू केली. गोष्ट त्यांच्या लग्नाची.

"वरातीची गाडी आमचीच, ना. अन् मांडवाच्या दारात बंद पडली! सारे बाप्ये बोनेटात. मी नवरी, स्टेजवर. बाबा म्हने, उठली तं याद राख. म्या म्हनलं बरं. मंग तिथूनच ओरडून राहिली, अवो एअर काढा, एअर काढा! भंतेजी इकडं पंचशील देऊन राहिले, मी तिकडं..."

सगळ्या बायका पोट धरून हसत होत्या. खूण समोर आली. "बस!" ताई हसत हसत ओरडल्या आणि पंप बसला.

मग पाईप जोडले, छोटा हातपंप दाबून दाबून डिझेलमधले हवेचे बुडबुडे काढले. बुडबुडे संपले. ताईंनी कपाळाचा घाम पुसला, तिथे काळा पट्टा उमटला. "धन्या, मार सेल्फ!"

इंजिन घरघरलं. पांढरा धूर आला. पुन्हा घरघर, पुन्हा धूर. मागच्या बाजूला झांकीच्या देखाव्याची प्लायवूडची कमान घेऊन उभी असलेली पोरं खोकायला लागली. धनराजने पुन्हा पुन्हा सेल्फ मारला. आवाज बारीक होत होत बॅटरीच बसली.

धनराज केबिनमधून उतरला आणि हळूच म्हणाला, "ताई, राहू दे. बाबा बरोबर होते."

मंडळाच्या अध्यक्ष शकुंतलाबाई पुढे आल्या. वाईट वाटतंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "प्रमिला, दुसरी गाडी सांगू काय? मिरवणुकीचा टाईम होऊन राहिला."

ताई चाकाशी बसल्या होत्या. गप्प. त्यांना गप्प बसलेलं त्या कॉलनीने कधी पाहिलं नव्हतं. पाणी द्यावं म्हणून मी जवळ गेले.

"वहिनी," त्यांनी एकदम मान वर केली. "खूण आली तवा मी काय बोलून राहिली होती?"

"लग्नाची गोष्ट. भंतेजी पंचशील देऊन राहिले..."

"अन् म्या झाकण उघडून पाह्यलं होतं काय?"

मी नाही म्हटलं. तसं कोणीच पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे हसत होतो.

ताई उठल्या, कपाळावर फाडकन हात मारला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "हव! फेरा चुकला! गाडीचं काहीच नाही चुकलं, चुकलं तं माह्यं चुकलं!" स्वतःची चूक सापडल्यावर इतकी आनंदलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिलेली नाही. त्यांनी धनराजला मिठीच मारायची बाकी ठेवली होती.

पंप पुन्हा खोलला. आणि आता ताईंनी जे केलं ते बघून मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी पदराचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांत घट्ट धरलं. बोलायचं नाही! धनराज इंजिन फिरवत होता, ताई झाकण उघडून वाकून बघत होत्या, आणि प्रश्न विचारायचा झाला तर डोळे वटारत होत्या. खूण एकदा आली, त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा आली. हाताने इशारा केला, थांब.

ऊन कलायला लागलं होतं. इकडे पंपाचे नट आवळले जात होते आणि तिकडे मागे पोरं कमान बांधत होती, हार चढवत होती. तसबीर वर गेली. छोट्या मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये हारीने बसल्या. शकुंतलाबाई दर दोन मिनिटांनी "झालं काय?" विचारत होत्या आणि ताई पदराआडून "अंऽ" म्हणत होत्या. शेवटी पाईपही जोडून झाले, हवाही काढून झाली. पण बॅटरीत जीव कुठे होता?

ताईंनी तोंडातला पदर काढला. "जयभीमवाल्या साऱ्या बायाहो, या! अन् वहिनी, तुमी पन. धक्का!"

आम्ही धावलो. मंडळाच्या बायका, कॉलनीतली पोरं, पिंकी, मी. मैदानाचा उतार फाटकाच्या बाजूने होता म्हणून बरं. लहान पोरींना खाली उतरवलं आणि सगळ्यांनी ट्रकच्या पाठीला हात लावले. "जोर लगाके!" पिंकी ओरडली. ट्रक हलेना. मग कुरकुरला, मग हलला, मग चालायला लागला. धनराजने क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला, आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो, आणि धडाड धडाड करत इंजिन पेटलं! काळ्या धुराचा लोट निघाला आणि त्यात पांढऱ्या साड्या नाचत होत्या. माझे हात काळे, चप्पल तुटलेली, आणि मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मला आजही माहीत नाही.

मिरवणूक निघाली. ढोल, पोरांचं नाचणं, निळ्या गुलालाने माखलेला रस्ता. ताईंना सगळ्यांनी गाडीवर चढायला सांगितलं, पण त्या पुढच्या चाकाशेजारून चालत राहिल्या, बोनेटवर एक हात ठेवून, डोकं तिकडेच कललेलं. कुठे थांबावं लागलं की धनराजला ओरडायच्या, "बंद नको करू!" जुन्या वस्तीचं वळण जवळ येत गेलं तसा त्यांचा चेहरा आवळत गेला.

बाबा दारात बाजेवर बसले होते, धुतलेला सदरा घालून. ट्रक त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, पण ढोलाच्या गजरात इंजिन ऐकू येणार कसं? ताईंनी हात वर केला. "अरे पोट्टेहो, थांबा जराक!" कोणी ऐकेना. मग त्या तरातरा गेल्या आणि ढोल वाजवणाऱ्याच्या हातातल्या काड्याच काढून घेतल्या. एकेक करत सगळे थांबले. एवढी मोठी मिरवणूक, आणि आवाज फक्त एका जुन्या ट्रकचा.

बाबांनी मान तिरकी केली. काठी बाजूला ठेवली. धनराजने एकदा अॅक्सिलरेटर दाबून सोडला. बाबा उठले, हात पुढे करत चार पावलं आले आणि त्यांनी मडगार्डवर पंजा टेकवला. बराच वेळ तो पंजा तिथेच होता. ताई ढोलाच्या काड्या छातीशी धरून उभ्या होत्या. त्या पैज हरल्या तर काय बोलायचं, याचा मी विचार करत होते.

"पंप तू बसवला?"

"हव, बाबा."

"टायमिंग मागं हाय." बाबा थांबले. "जरासंच. उद्या इकडं आन, पमे. पाहू."

ताईंनी काड्या ढोलवाल्याला दिल्या, पण उलट्या बाजूने. त्याने तशाच घेतल्या आणि वाजवायला सुरुवात केली.

पुढच्याच महिन्यात यजमानांची बदली बिलासपूरला झाली आणि रायपूर सुटलं. त्या धांदलीत ताईंशी निवांत भेट अशी झालीच नाही. त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. मला राहवेना म्हणून भाजीची पिशवी घेऊन मी जुन्या वस्तीकडे गेले होते. गल्लीच्या तोंडाशी कबाडी आपल्या हातगाडीवाल्यांना घेऊन बसला होता आणि कोणीतरी त्याला चहा देऊन परत जायला सांगत होतं. ट्रक दारात, बोनेट उघडं. बाबा स्टुलावर बसून इंजिनाला कान लावून होते आणि एकसारखे बोलत होते. थोडं पुढं घे, आणखी जराक, असंच एकदा केशकालच्या घाटात झालं होतं, तवा काय झालं माहीत हाय, मी एकटा, अन् गाडीत मीठ...

"बाबा," बोनेटातून ताईंचा आवाज आला, "चूप बसा ना जराक. ऐकू द्या मले."

आणि नामदेवबाबा चूप बसले.